सहा वाजताची बादली

रक्त तपासायच्या दवाखान्यात दारापाशी एक लाल यंत्र होतं. त्यातून नंबराची चिठ्ठी ओढायची आणि खुर्चीत जाऊन बसायचं. अँब्रोज कीलीच्या पुढे उभा असलेला माणूस ती चिठ्ठी ओढत होता आणि त्याला ती ओढता येत नव्हती. दोन बोटांच्या चिमटीत कागदाचं टोक यायचं आणि निसटायचं. अँब्रोज सकाळपासून उपाशी होता, रक्त द्यायचं म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता, आणि मनातल्या मनात तो म्हणत होता की बाबा रे, आटप. शेवटी त्याने मागून हात लांब करून चिठ्ठी ओढली आणि त्या माणसाच्या हातावर ठेवली. ठेवताना त्याने तो हात पाहिला. कातडी गुलाबी आणि तुकतुकीत होती, वितळून परत थिजलेल्या मेणासारखी. करंगळी आणि शेजारचं बोट एकमेकांना चिकटलेलं, अंगठा सरळच्या सरळ. हात ओळखला आणि मग चेहरा वर आला. एखाद्याला आधी हातावरून ओळखावं आणि ओळखल्याबरोबर दाराकडे बघावं, असं आपण केलं, हे अँब्रोजला नंतर कितीतरी वेळ टोचत राहिलं. कारण तो माणूस, क्लेम टोबिन, मागे वळून नुसता हसत होता.

"अरे म्हाताऱ्या," क्लेम म्हणाला. "जिवंत आहेस तू. मला वाटलं होतं, ॲग्नेसच्या मागोमाग गेलास."

"अजून बोलावणं नाही आलं," अँब्रोज म्हणाला.

"येईल कसं? वर गेलास की तिथलेही दिवे तपासायला लागशील."

बसलेल्यांतली एक बाई हसली. क्लेमने त्याला ओढून शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि बोलायला लागला. साखर वाढलीय. गुडघा गेलाय. मुलगी डेनीस इथल्याच मोठ्या इस्पितळात नर्स आहे, तिला आठ महिन्यांची मुलगी आहे, नोरा. डेनीसच्या दिवसपाळ्या असतात म्हणून पोर दिवसभर आजीआजोबांकडे. "म्हणजे आजीकडे," क्लेम म्हणाला आणि पुन्हा हसला. "मला पोरीजवळ एकट्याला ठेवत नाहीत. लोरेटाला दुकानात जायचं झालं तर पोरीला कपडे चढवते, टोपी चढवते, बर्फात गाडी ढकलत घेऊन जाते. पण माझ्यापाशी पाच मिनिटं ठेवत नाही. जो नळीत चिंधी विसरला तो पाळण्यात काय विसरेल याचा नेम नाही, म्हणते. शेगडीही मला लावू देत नाही. आता झाली नऊ वर्षं. मी म्हणतो, बाई गं, एकदाच विसरलो."

अँब्रोजने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे हात कसे धुवावेत याची चित्रं होती.

"तू ये ना एकदा घरी," क्लेम म्हणाला. "शनिवारी ये. लोरेटा सूप करते. तू तिला सांग. माझं काम तू बारा वर्षं बघितलंयस. तू सांगितलंस तर तिला पटेल, तुझ्याबद्दल फार आदर आहे तिला. ती म्हणते, जहाजावर एकच माणूस धड होता, ज्याने सहा वाजता नळी बघितली."

तेवढ्यात क्लेमचा नंबर पुकारला गेला. तो उठला, आणि आत जाता जाता वळून म्हणाला, "शनिवारी. साडेबारा." अँब्रोजने मान डोलावली. त्याचा नंबर आला तेव्हा नर्सला शीर सापडेना. ती म्हणाली, पाणी प्यायला नाहीत का, हात अगदी गार पडलेत.

ते दोघं कामाला होते ते जहाज तेल उपसून साठवायचं; बंदरापासून साडेतीनशे किलोमीटरवर, समुद्रतळाखालच्या तेलावर नांगरून उभं असे. महिना-महिना लोक तिथे राहत, छत्तीस मुली-बाया आणि बाकी पुरुष, सगळे मिळून नव्वदच्या आतबाहेर. पायांखाली कच्च्या तेलाची पोटं भरलेली असायची, पण त्या तेलाची कुणाला भीती वाटत नसे. ते खाली होतं, जाड पोलादाच्या आत, त्याच्यावर न पेटणाऱ्या वायूचं पांघरूण घालून ठेवलेलं. भीती बाळगायची ती वरच्या, उघड्यावरच्या थोडक्या इंधनाची. हेलिकॉप्टरला लागणाऱ्या इंधनाच्या तीन टाक्या डेकच्या कडेला उतरत्या रुळांवर ठेवलेल्या असत, वेळ आली तर कडी काढून समुद्रात ढकलून देता याव्यात म्हणून. टाक्यांखाली वीतभर काठाचं पोलादी तबक होतं. सांडलं-गळलं ते तबकात पडावं, आणि तबकाच्या कोपऱ्यातल्या नळीतून दूर, आगीच्या आवाक्याबाहेर वाहून जावं, अशी ती योजना. ती नळी मोकळी आहे की नाही हे बघायचं काम स्टोअरचा प्रमुख म्हणून अँब्रोजचं. रोज सकाळी सहा वाजता एक बादली पाणी तबकात ओतायचं, ते नळीतून जातं का बघायचं, आणि तक्त्यावर बरोबरची खूण करून सही करायची. एवढंच. याहून सोपं काम त्या जहाजावर दुसरं नव्हतं.

त्या फेब्रुवारीत थंडी अशी पडली की ओतलेलं पाणी नळीपर्यंत पोचायच्या आत काठावर गोठायला लागलं. एक जण त्या बर्फावर घसरला, त्याचं मनगट मोडलं, आणि अँब्रोजने ओतणं थांबवलं. हे त्याने कितीदा तरी स्वतःला सांगितलं होतं, की थांबवलं ते माणसांच्या काळजीने. ते खोटंही नव्हतं. पण मग तक्त्यावर तसं लिहायला हवं होतं, वरच्यांना सांगायला हवं होतं; न गोठणारं पाणी मागवता आलं असतं, नळीत हात घालून बघता आलं असतं. अँब्रोजने यातलं काही केलं नाही. स्टोअरमध्ये हीटर होता, चहा होता. तो पावणेसहाला तक्ता मांडीवर घ्यायचा आणि वरपासून खालपर्यंत बारा तपासण्यांच्या खुणा एका दमात करायचा. त्यातल्या अकरा खऱ्या असायच्या. असे नऊ दिवस. नवव्या दिवशी सकाळी आठला हेलिकॉप्टर आलं, भरताना होजचा, म्हणजे इंधनाच्या रबरी नळाचा, सांधा सुटला, तबकात इंधन साचलं, नळी तुंबलेली होती म्हणून काठावरून डेकवर गेलं, आणि पंपाच्या डिझेल इंजिनाच्या तापलेल्या नळकांड्याला भिडून पेटलं. होजवर क्लेम होता. बाकीचे मागे पळाले, जसं पळायचं शिकवलेलं असतं तसंच, आणि क्लेम पुढे गेला. टाकीची चावी ज्वाळेत होती. ती त्याने दोन्ही हातांनी फिरवून बंद केली. फेसाच्या फवाऱ्याने आग चार मिनिटांत विझली. टाक्या पेटल्या नाहीत. जळले ते फक्त ते दोन हात.

मग नळीतून चिंधी निघाली. निळी, पुसायची. क्लेमने त्या दिवशी सातला पंप आणि होज पुसून घेतले होते. चौकशीसाठी शहरातल्या एका कचेरीत टेबलावर तक्त्याची प्रत ठेवलेली होती, आणि पिकल्या केसांची एक शांत बाई प्रश्न विचारत होती. "सहा वाजताची तपासणी तुम्ही स्वतः केलीत?" अँब्रोज म्हणाला, "हो." तिने खाली काहीतरी लिहिलं. बस्स. नळी सहाला मोकळी होती, आठला तुंबलेली होती, मध्ये तिथे एकच माणूस चिंधी घेऊन वावरला होता. कुणी क्लेमवर आरडाओरडा केला नाही. चावी बंद केल्याबद्दल त्याला शाबासकीचं पत्रही मिळालं, आणि त्याच पत्रात, खालच्या परिच्छेदात, चूक त्याची होती असंही होतं. तो पुन्हा जहाजावर गेला नाही.

पण अँब्रोजला त्या 'हो'पेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त छळायची. चौकशीच्या आधी तो इस्पितळात गेला होता. क्लेमचे हात दोन मोठ्या पावांसारखे बांधलेले होते आणि नाकाचा शेंडा सोललेला होता. क्लेम म्हणाला होता, "माफ कर रे. तुझ्या स्टोअरला डाग लावला मी. चिंधी माझीच असणार, दुसऱ्या कुणाची असणार? मला आठवत नाही, पण माझीच असणार." आणि अँब्रोज, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेला, म्हणाला होता, "असू दे." त्याने क्षमा केली होती. त्याच्याजवळ मागितली गेली आणि त्याने ती दिली होती. रस्त्यावर चालताना, दाढी करताना, कधी काहीच कारण नसताना ते दोन शब्द त्याला स्वतःच्या आवाजात ऐकू यायचे, आणि मग तो मोठ्याने खोकायचा. बायको, ॲग्नेस, विचारायची, काय झालं? तिला त्याने कधी सांगितलं नाही. ती त्याच्या सचोटीचा शेजारीपाजारी दाखला द्यायची, आणि तसाच दाखला देत देत मेली.

निवृत्त झाल्यावर त्याला नव्या लोकांना शिकवायला बोलावलं. गेली पाच वर्षं तो दर गुरुवारी प्रशिक्षण केंद्रात इंधनाचा साठा कसा सांभाळावा ते शिकवत होता: टाकीला जमिनीशी जोडणारी तार कशी लावावी, रंगाच्या आणि थिनरच्या डब्यांच्या खोलीचं दार कधीही लाकूड लावून उघडं का ठेवू नये, झाकण, झडप, वारा, ठिणगी. आणि दर तासाला दहा वेळा, बादली ओता. तक्त्यावरची खूण म्हणजे बादली नव्हे. पोरं त्याला 'बादलीबाबा' म्हणायची. तो रागावत नसे. ते काम तो चांगलं करायचा आणि आपण ते चांगलं करतो हे त्याला माहीत होतं. कधी कधी वाटायचं, एवढ्या लोकांना शिकवलं म्हणजे फिटलं. त्या गुरुवारी मात्र फळ्यासमोर उभं राहून "तक्त्यावरची खूण म्हणजे" इतकं म्हटल्यावर त्याला पुढचं म्हणता येईना. वर्ग वाट बघत होता. मागच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात वाक्य पुरं केलं आणि सगळे हसले. अँब्रोजही हसला, आणि हसताना त्याला दिसलं की आपण हसतोय. घरी येऊन त्याने ठरवलं की शनिवारी जायचं, क्लेमची तोंडभरून स्तुती करायची, लोरेटाला पटवायचं आणि परत यायचं. क्लेमला हवं तेच तर होतं. हा विचार त्याला इतका सोपा वाटला की रात्री त्याला चांगली झोप लागली, आणि सकाळी त्या झोपेचीच लाज वाटली.

क्लेमचं घर उतारावर होतं, पिवळं, पायऱ्यांवर मीठ टाकलेलं. लोरेटाने दार उघडलं तेव्हा पोर तिच्या कमरेवर होतं. ठेंगणी बाई, हात पिठाचे. "आत या, बूट राहू द्या," ती म्हणाली. "किती ऐकलंय तुमच्याबद्दल." तिने पोरीला आतल्या खोलीत पाळण्यात ठेवलं, दार अर्धवट लोटलं आणि सूप वाढलं. वाटाण्याचं घट्ट सूप, त्यात खारवलेलं मांस आणि कणकेचे फुगलेले गोळे. क्लेम चमचा मुठीत धरून जेवत होता, लहान मूल धरतं तसा. सूप अतिशय चांगलं होतं. अँब्रोजने दुसऱ्यांदा घेतलं.

"सांग ना तिला," क्लेम म्हणाला.

अँब्रोजने सांगितलं. बारा वर्षांत क्लेमने एकदाही हत्यार जागेवर ठेवायचं चुकवलं नाही. इतरांची राहिलेली कामं न बोलता करायचा. त्या दिवशी तो पुढे गेला नसता तर टाक्या पेटल्या असत्या, आणि मग आज इथे सूप प्यायला मीही नसतो. हे सगळं खरं होतं. शब्द न अडखळता येत होते, आणि क्लेम खाली बघून पाव कुस्करत होता, लाल झाला होता. लोरेटा हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती.

"शूर आहे तो," ती म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते? पण मला शूर माणूस नकोय, अँब्रोज. तान्ही पोर सांभाळायला शौर्य लागत नाही, लक्ष लागतं. तुम्हीच सांगा. तुम्ही सहाला बघितलंत तेव्हा नळी मोकळी होती ना?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. तिचे डोळे थकलेले होते, नऊ वर्षं एका माणसाच्या मागे शेगडी बंद आहे का बघत फिरणाऱ्या बाईचे. अँब्रोजला वाटलं की पुन्हा तेच टेबल आहे, तोच प्रश्न आहे, आणि 'हो' जिभेवर तयार आहे, चहात साखर घातली का विचारल्यावर म्हणतात तितका सहज.

"मी बघितलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"सहाला मी नळी बघितली नाही. त्या दिवशी नाही, आणि त्याच्या आधीचे आठ दिवसही नाही. पाणी गोठत होतं. मी स्टोअरमध्ये बसून खुणा केल्या. चौकशीत खोटं बोललो. चिंधी नऊ दिवसांत केव्हाही गेली असेल. कुणाचीही असेल."

क्लेमने चमचा खाली ठेवला. तो ठेवतानाही त्याला बोटं एकेक सोडवावी लागली. अँब्रोजला वाटत होतं की आता क्लेम उठेल, मारेल, आणि मारलं तर बरं होईल. क्लेम उठला नाही. तो त्याच्याकडे बघत राहिला, जणू दुरून येणाऱ्या माणसाला ओळखायचा प्रयत्न करतोय.

"इस्पितळात मी तुझी माफी मागितली होती," तो म्हणाला.

"हो."

"तू म्हणालास, असू दे."

"हो."

लोरेटा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पण चिंधी याचीही असू शकते. त्या दिवशी सकाळचीच. असू शकते ना?"

"असू शकते," अँब्रोज म्हणाला.

"मग तू आणलंस काय माझ्या घरी?" ती म्हणाली. ती त्याला 'तू' म्हणाली हे तिच्या लक्षातही आलं नसावं. "नऊ वर्षांनी येतोस, दोनदा सूप घेतोस, आणि म्हणतोस माहीत नाही. हे घेऊन मी काय करू?"

"शंका आणलीय त्याने," क्लेम म्हणाला. "नऊ वर्षांत माझ्या वाट्याला तेवढीही नव्हती."

आतल्या खोलीत पोर जागं झालं. आधी नुसतं कुरकुरलं, मग रडायला लागलं. लोरेटा सवयीने उठली, एक पाऊल टाकलं आणि खुर्चीची पाठ धरून थांबली. तिचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने, म्हणजे रडणं चांगलं वाढल्यावर, ती पुन्हा खाली बसली.

"तू जा," ती क्लेमला म्हणाली.

क्लेम गेला. दार त्याने कोपराने लोटलं. ती आणि अँब्रोज टेबलाशी बसून ऐकत राहिले. पाळण्याची कडी निघाली. "ये, ये, माझी बाय, ये," क्लेमचा आवाज आला. रडणं उंच गेलं, अडकलं, परत उंच गेलं. लोरेटाचे पिठाळ हात टेबलाची कड घट्ट धरून होते, नखं पांढरी झाली होती. तिच्या भीतीकडे आपल्याला बघायचा काही अधिकार नाही असं वाटून अँब्रोजने नजर वळवली. उठून जावं तर खुर्ची वाजेल, म्हणून तो उठलाही नाही. मग रडण्यात खंड पडायला लागला, हुंदके झाले, आणि ते थांबले. ती आणखी थोडा वेळ कान देऊन बसली.

"तुम्ही निघा आता," ती म्हणाली.

त्याने दारात कोट घातला. क्लेम बाहेर आला नाही. सोमवारी अँब्रोजने सगळं लिहून काढलं, तारखांसकट, आणि चौकशी झालेल्या त्याच कचेरीत नेऊन दिलं. दोन तरुण अधिकाऱ्यांनी त्याला बोलावून दोन तास प्रश्न विचारले. त्यांच्या वागण्यात राग नव्हता, थोडं कुतूहल होतं. जुनी फाईल उघडू, क्लेमच्या पत्रातला खालचा परिच्छेद बहुधा काढून टाकू, म्हणाले. प्रशिक्षण केंद्राने त्याचे गुरुवार बंद केले. तिथल्या प्रमुखबाईंनी फोन केला तेव्हा त्या हवापाण्याचंच बोलत राहिल्या, शेवटी तोच म्हणाला, बरोबर आहे तुमचं. शेजारच्या गल्लीतला जो माणूस रोज हात करायचा, तो आता करतो पण आधी थोडा थांबतो. अँब्रोजला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. लाज तेवढीच होती; पूर्वी ती एका खोलीत कोंडलेली असायची, आता ती घरभर हिंडत होती आणि बाहेर जाताना बरोबर येत होती.

एप्रिलच्या शेवटी तळ्यातला बर्फ फुटला आणि तो काठच्या वाटेने फिरायला जाऊ लागला. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना चिखल आणि विरघळता बर्फ. एका सकाळी समोरून बाळगाडी येताना दिसली. गाडी ढकलणारा माणूस दांड्यावर मनगटं टेकवून ढकलत होता, आणि बरोबर कुणीही नव्हतं. अँब्रोजने मागे-पुढे बघितलं, लोरेटा कुठे मागे राहिली आहे का म्हणून. नव्हती. पोर गाडीत टोपी घालून सरळ बसलेलं होतं आणि पाण्यावरच्या बदकांकडे बघून हात आपटत होतं. क्लेम वाकून तिला काहीतरी सांगत होता. मग त्याने वर पाहिलं आणि त्याला अँब्रोज दिसला. चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, ते पोरीसाठी होतं, पण डोळे त्याच्यावरून गेले, वाटेवरच्या खांबावरून जावेत तसे. त्याने वेगही कमी केला नाही. अँब्रोज वाटेवरून खाली उतरला. बूट घोट्यापर्यंत गार चिखलात गेले. गाडी अगदी जवळून गेली, चाक त्याच्या कोटाला घासलं.

"थँक्यू," क्लेम म्हणाला, वाट दिल्याबद्दल कुणालाही म्हणतात तसं, आणि पुढे गेला.